बाटलीवरचा त्रिकोण, टँकरवरचा आकडा आणि आपले रसायनांचे कायदे

सावईचा भाटकार

काजूला पालवी-मोहोर आला की आमच्या गोव्यात पाठीवर पंप चढतात. ढेकण्या नावाचा किडा कोवळा शेंडा शोषतो, चार दिवसांत मोहोर करपून काळा पडतो आणि मग माणूस दुकान गाठतो. दुकानदार विचारतो, "भाट केदें?" (बागायत केवढी?), आणि बाटली पुढे करतो. त्या बाटलीवर एक तिरपा उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. आमच्याकडे सर्रास समज असा की लाल म्हणजे किडीवर जालीम औषध आणि हिरवं म्हणजे सेंद्रिय. दोन्ही खोटं.

तो रंग उंदरांवरच्या चाचणीतून येतो. दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पोटात गेलं की निम्मे उंदीर मरतात, एवढंच तो सांगतो. ५० पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे चुकून घोट गेला तर आज काय होईल याची ती खूण. वीस वर्षं फवारणाऱ्या गड्याच्या मज्जासंस्थेचं काय, पोटातल्या पोराचं काय, खालच्या झरीचं काय, याबद्दल त्रिकोण गप्प. हिरव्या त्रिकोणाचं औषध माशांना जहर असू शकतं.

हे लेबल ज्या कायद्यातून आलं तो १९६८ चा कीटकनाशक कायदा. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५८ साली, केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं गेली होती. पीठ आणि विष एकाच मालात शेजारी शेजारी आलं होतं. १९८४ ला भोपाळ झालं, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. आपल्याकडच्या रसायनांच्या कायद्यांची वंशावळ काढली तर प्रत्येकाच्या मागे एक स्मशान निघतं.

धागा काढायचं कारण वेगळं. "कायदे चिक्कार, अंमलबजावणी शून्य" हे वाक्य आपण देवळातल्या घंटेसारखं येता-जाता वाजवतो. मला ते अर्धंच पटतं. घोळ कायद्याच्या घडणीतही आहे. आपला कायदा रसायनाला ओळखतो ते ते कुठे उभं आहे त्यावरून. शेतात असेल तर कृषी खातं, कारखान्यात असेल तर कारखाने निरीक्षक, नाल्यात उतरलं की प्रदूषण मंडळ, माशात सापडलं की एफडीए (अन्न आणि औषध खातं), ट्रकवर असेल तर मोटार वाहन नियम. पदार्थ एक, दारं पाच. आणि प्रत्येक दारावर एक यादी. यादीत नाव नसेल तर रसायन रुबाबात आत.

युरोपने २००७ पासून उलटं केलं. रीच नावाचा त्यांचा कायदा म्हणतो की वर्षाला एक टनाच्या वर काही बनवायचं वा आणायचं असेल तर त्याची माहिती आधी द्या. माहिती नाही तर बाजार नाही. सिद्ध करायचं ओझं विकणाऱ्यावर. आपल्याकडे तशा नियमांचा मसुदा २०२० च्या सुमारास फिरला, पण नियम झाले नाहीत. तुमचं काय मत?

वेर्णा_बी_शिफ्ट

भाटकारबाब, चांगला धागा. मी कारखान्यात सेफ्टी बघतो (कुठल्या ते विचारू नका), म्हणून दुसऱ्या दाराबद्दल लिहितो.

यादीला इतकं हिणवू नका. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत प्रत्येक रसायनापुढे टन दिले आहेत. त्या आकड्याच्या वर साठा गेला की तुमच्यावर आपत्ती आराखडा, सुरक्षा अहवाल, आसपासच्या लोकांना माहिती देणं, असं एकेक बंधन चढत जातं. क्लोरीनला ती पायरी १० टनांवर सुरू होते. मिथाइल आयसोसायनेटला १५० किलोवर! भोपाळच्या त्या टाकीत ४० टनांच्या आसपास होतं. हा दीडशेचा आकडा नियमात वाचला की अजून अंगावर काटा येतो.

कारखान्याच्या कुंपणाच्या आतला आराखडा मालकाने करायचा, बाहेरचा जिल्हा प्रशासनाने. आतल्याची तालीम आम्ही करतो: भोंगा वाजतो, सगळे असेंब्ली पॉइंटला जमतात, डोकी मोजतात, फोटो निघतात, चहा-बिस्किटं. ठीक आहे, पण निदान कामगाराला दार कुठलं ते कळतं. बाहेरच्या आराखड्यात ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा, कोणाला माहीत आहे की भोंगा झाला तर वाऱ्याच्या आडवं पळायचं, घरात थांबायचं की ओला फडका नाकाला लावायचा? २०१८ च्या जानेवारीत वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा लोकांना पहाटे झोपेतून उठवून बाहेर काढावं लागलं. २०२३ च्या जानेवारीत पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कारखाना पेटला, धूर पार लांबच्या गावांतून दिसत होता. दोन्ही वेळा बाहेरच्यांची तयारी म्हणजे नशीब.

एक गोष्ट सगळ्यांनी शिकून ठेवा. टँकरच्या मागे आणि बाजूला चौकटींची एक पाटी असते. तिच्यात चार आकड्यांचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो. १००५ म्हणजे निर्जल अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १२०३ म्हणजे पेट्रोल. अपघात दिसला तर जवळ जाऊन व्हिडिओ काढण्याऐवजी लांबून तो आकडा वाचा आणि ११२ ला सांगा. अग्निशमनवाल्यांना त्या एका आकड्यावरून पाणी मारायचं की नाही ते ठरवता येतं.

पेंढऱ्या

+१. वाचनखूण साठवली. १००५ पाठ केला.

डिचोलीची माई

मुलांनो, मला कायद्यातलं काही कळत नाही, पण मासळीतलं कळतं. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात फॉर्मेलिनचा घोळ झाला तो आठवतो ना? आधी जागेवर तपासलं तर सापडलं म्हणाले, मग प्रयोगशाळेचा निकाल आला की "मर्यादेत आहे". आमच्या घरी त्यावरून महाभारत. मुडदे टिकवायचं औषध मर्यादेत म्हणजे किती चमचे? तेव्हापासून आमचे हे बाजारात जाऊन मासळीचे कान (कल्ले हो!) उघडून बघतात आणि कोलवाळच्या नदीतलीच घेतात. ती "मर्यादा" नक्की काय होती, कोणी सांगेल का?

आल्तीनची वकिलीण

माई, तुमचा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइड. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ते मासळी टिकवायला घालायला परवानगीच नाही, त्यामुळे मुद्दाम घातलेल्याला मर्यादा शून्य. पण मासा मेल्यावर, विशेषतः काही समुद्री जातींत, थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआपच तयार होतं. प्रयोगशाळेचं यंत्र "हे माशाचं आणि हे व्यापाऱ्याचं" असं वेगळं करून देत नाही. म्हणून "नैसर्गिक प्रमाणात" आणि "घातलेलं नाही" ही दोन वाक्यं सरकारी निवेदनात एकमेकांच्या अंगरख्यात लपू शकली. विधानसभेत गदारोळ झाला, बाहेरची मासळी काही दिवस बंद झाली, मग नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडीची अट आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं होतं. धोका नवा नव्हता, नियमातली फट जुनी होती.

आता भाटकारांच्या मुद्द्याकडे. गावागावांत ठराव होतात की "गोवा सरकारने अमुक कीटकनाशकावर बंदी घालावी." राज्याला तसा कायमचा अधिकारच नाही. कीटकनाशक कायद्याच्या २७ व्या कलमाखाली राज्य फार तर ६० दिवस विक्री थांबवू शकतं, थोडी मुदतवाढ मिळते, पण कायमची बंदी केंद्राची. केंद्राचा वेग बघा: २०२० च्या मे महिन्यात २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा आला. २०२३ च्या अंतिम आदेशात पूर्ण बंदी आली ती त्यातल्या तिघांवर, डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. बाकीच्यांपैकी काहींसाठी पिकानुसार काटछाट. मसुद्यावर आक्षेप मागवणं योग्यच आहे, पण आक्षेप कोणाकडे जास्त असतात, कंपनीकडे की फवारणाऱ्या गड्याकडे, हे सांगायला नको.

तरी २०१८ च्या आदेशाने १८ गेली हे मान्य करायला हवं. त्यातलं डायक्लोरव्हॉस, जे घरोघरी ढेकणांसाठी शिंपडत, आणि फोरेट, जे केळीच्या बुंध्यात दाण्यांच्या रूपात घालत, ती २०२० च्या अखेरीस बंद झाली.

सड्यावरचा

कायदे कडक करा म्हणणं सोपं आहे. कुंडई, वेर्णा, कुंकळ्ळीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची घरं कशावर चालतात? खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत काय हाल झाले ते विसरलात? रीच-बीच युरोपला परवडतं. आपल्या छोट्या युनिटला एका रसायनाच्या चाचण्यांचा खर्च काढायचा तर शटर ओढावं लागेल.

वेर्णा_बी_शिफ्ट

@सड्यावरचा, माझंही घर त्यावरच चालतं, म्हणून बोलतो. खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि छोट्यांसाठी वेगळी सोय हवीच. पण कुंकळ्ळीत बंद पडलेल्या जस्ताच्या कारखान्याने मागे टाकलेला घातक कचरा उपसायला जनतेचा पैसा आणि कोर्टाच्या खेपा लागल्या. मालकाने वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही, तो वाड्यावरच्या विहिरीत जातो.

केरीकार

आमच्या गावाचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. भूतखांबच्या पठारावर नायलॉन ६,६ चा प्रकल्प येणार होता. आज पोरांना तो फक्त "आंदोलन झालं होतं" एवढाच माहीत. १९९५ च्या जानेवारीत गोळीबार झाला, आमचा एक तरुण गेला. प्रकल्प शेवटी तामिळनाडूत गेला.

कायद्याच्या अंगाने बघा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ ची, पण जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ च्या दुरुस्तीने. म्हणजे आमच्या लोकांना जे विचारायचं होतं, इथे किती आणि कुठली रसायनं साठवणार, सांडपाणी कुठल्या ओहोळाला सोडणार, पठाराखालच्या झरी आटल्या तर बागायतीचं काय, ते विचारायला कायद्याने दिलेली जागाच नव्हती. रस्ता ही एकच जागा होती. आता ३० दिवसांची नोटीस, मराठी-कोंकणीत सारांश, पंचायतीत कागद, सगळं आहे. सुनावणीत बोललेलं इतिवृत्तात जायलाच हवं. म्हणून म्हणतो, जनसुनावणीला "नाटक" म्हणून घरी बसू नका. लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या.

दोना पावला_ओहोटी

उशिरा आले, पण समुद्राबद्दल कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून माझा आवडता किस्सा.

जहाजांच्या तळाला शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन घातलेला रंग लावत. चिकटलेल्या जीवांमुळे जहाज जड होतं, इंधन जास्त जळतं, म्हणून साऱ्या जगात हा रंग लाडका. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशॉन खाडीतल्या कालवांचं बीज धरेना, शिंपले वेडेवाकडे वाढू लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर बंदी घातली. मग जगभर शोध सुरू झाले तेव्हा कळलं की या रंगाने समुद्री गोगलगायीच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं. पुढे अंडी बाहेर पडायची वाटच बुजते. आणि त्यासाठी लागणारं प्रमाण लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश.

आता गोव्याकडे या. १९९९ मध्ये आमच्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा नरचिन्हं फुटलेल्या माद्यांची भारतीय पाण्यातली नोंद प्रसिद्ध केली. ती गोगलगाय कुठली, तर क्रोनिया कोंकणेन्सिस! कोकणाचं नाव लावणारी, आपल्याच खडकांवरची, ओहोटीला वाकून बघितली तर दिसणारी. बंदराजवळच्या खडकांवर.

या रंगावर बंदीचा जागतिक करार २००१ मध्ये झाला, अमलात आला १७ सप्टेंबर २००८ ला, भारत त्यात सामील झाला २०१५ मध्ये. भाटकारांच्या त्रिकोणाशी याचा थेट संबंध आहे. उंदीर किती मिलिग्रॅमला मरतो या परीक्षेत हा परिणाम पकडलाच गेला नसता, कारण गोगलगाय मरत नाही. तिची पुढची पिढी येत नाही, इतकंच. हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांना आपली घातकतेची व्याख्या अजून नीट पकडत नाही.

सावईचा भाटकार

@दोना पावला_ओहोटी, जबरदस्त. तुम्ही यावर स्वतंत्र धागा काढाच.

काजूवाल्यांसाठी यातलंच एक जोडतो. केरळात कासरगोडला एंडोसल्फान हे कीटकनाशक हेलिकॉप्टरमधून फवारलं गेलं ते याच ढेकण्यासाठी, काजूवरच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत. गावं, विहिरी, शाळा सगळं खाली. १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभर थांबवलं, त्याच्या आदल्याच महिन्यात ते दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरच्या जागतिक स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं होतं. २०१७ मध्ये कोर्टाने पीडितांना प्रत्येकी पाच लाख द्यायला केरळ सरकारला सांगितलं. फवारणी थांबल्यापासून भरपाईच्या आदेशापर्यंत सतरा वर्षं.

डिचोलीची माई

अरे देवा, एंडोसल्फान! आमच्या गोठ्याच्या माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा एक डबा आहे, त्यावर हेच नाव आहे असं वाटतं. गंजलाय, तळाला ओल दिसते. सून म्हणते संडासात ओतून टाकूया. काय करू?

वेर्णा_बी_शिफ्ट

माई, ओतू नका!! सेप्टिक टँकमधून ते थेट तुमच्या विहिरीकडे जाईल. आत्ता एवढंच करा: हातमोजे घाला, डबा उघडू नका, उलटा-पालटा करू नका, झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत उभा ठेवा, खाली कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा पसरा, बाहेर नाव लिहा. नातवंडं आणि गुरं जिथे पोचत नाहीत तिथे कुलपात. गोठ्यात अजिबात नको.

सावईचा भाटकार

आणि पुरूही नका. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत, ४४ व्या नियमात, रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा असं म्हटलंय. पन्नास वर्षांपूर्वी दिल्लीत बसून लिहिलेल्याला आपली जांभ्याची जमीन काय ठाऊक? सड्यावरचा (पठारावरचा) जांभा पावसाचं पाणी गाळत नाही, भोकाभोकांतून सरळ खालच्या झरीला नेतो. वस्तीपासून दूर डोंगरावर पुरलं तर वस्तीच्याच कळशीत येणार.

डिचोलीची माई

पंचायतीत विचारून आले. म्हणाले कृषी कार्यालयात जा. कृषी कार्यालयात म्हणाले हे आता बंदी असलेलं, आमच्याकडे येत नाही, पंचायतीला विचारा. एकाने तर सांगितलं, "माई, इतकी वर्षं राहिलं ना, राहूं दी."

आल्तीनची वकिलीण

भाटकारांची पाच दारं हीच. विक्रीवर बंदी आली, पण घरात राहिलेल्या डब्याला बाहेर पडायला दार कोणी ठेवलं नाही. तरी एक वाट आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत (मार्च २०२६ पर्यंत तेच लागू होते) "घरगुती घातक कचरा" असा वेगळा प्रकार होता. त्यात रंगाचे डबे, बॅटऱ्या आणि कीटकनाशकांचे डबे नावानिशी होते. तो गोळा करायला केंद्र उभारायची जबाबदारी स्थानिक संस्थेची, आणि प्रत्येक २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असं लिहिलं होतं. त्यामुळे तोंडी विचारू नका. पंचायत सचिवांच्या नावे अर्ज द्या: डब्याचं नाव, अंदाजे किती लिटर, गळती आहे, आणि सध्याच्या घनकचरा नियमांचा उल्लेख. एक प्रत साळगावच्या प्रदूषण मंडळाला. घातक कचऱ्याची सोय सत्तरीत पिसुर्ल्याला आहे, पण तिथे तुम्ही रिक्षात डबा घालून जायचं नाही. नेण्याची व्यवस्था अधिकृत वाहनानेच व्हायला हवी. दोन्ही पोचपावत्या जपून ठेवा. महिन्यात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकारात एकच प्रश्न टाकायचा: "आपल्या क्षेत्रातील घरगुती घातक कचरा संकलन केंद्राचा पत्ता द्यावा."

पेंढऱ्या

हा प्रश्न मी उद्याच आमच्या पंचायतीला टाकतो. डबा नसला तरी.

डिचोलीची माई

अर्ज सुनेकडून लिहून घेतला. तिला विचारलं लिटर किती लिहू, तर म्हणाली डबा पाच लिटरचा, हलवून बघू नका, "अंदाजे अर्धा" लिहा. सोमवारी देते आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही.

केरीकार

माई, अर्जाचा मसुदा इथे टाका ना, नाव-गाव काढून. आमच्या वाड्यावर असे निदान तीन-चार डबे निघतील.